तालमीबाहेर ठेवलेले हात

कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी दर बुधवारी कामगारांचे हात बघते. ज्योतिषीण नव्हे, त्वचेची डॉक्टर आहे. लेथवर लोखंड कापताना त्यावर दुधासारखं पांढरं पाणी, म्हणजे कूलंट, सोडत राहतात. पाळीभर हात त्यात भिजले की कातडी सोलते, बोटांच्या बेचक्यात भेगा पडतात. हातमोजे घालावेत तर मोजा फिरत्या मशीनमध्ये अडकून हातच जायचा. तेव्हा कामाआधी मलम लावणं, नीट हात धुणं आणि कुणीतरी ते वरचेवर बघत राहणं, एवढंच हाताशी उरतं.

या तपासणीचं उद्घाटन मात्र थाटात झालं. फेटे, हलगी, ‘हात हेच दैवत’ असा फलक. प्रमुख पाहुणे हातांवर लांबलचक बोलले आणि एकाही हाताकडे न बघता जेवायला गेले.

मी पहिल्याच बुधवारी हात धुण्याची जागा बघितली. तिथे डिझेलचा डबा होता. पाळी संपली की सगळे त्यात हात बुडवून काळं काढायचे. आधीच सोललेल्या कातडीवर डिझेल! मी डबा काढायला लावला आणि साबण, कोरडे टॉवेल, मलम ठेवायला सांगितलं.

“मॅडम, ब्यूटी पार्लर काढायचा इचार हाय का?” मालक म्हणाले. पण त्यांनी सगळं आणलं, आणि महिन्याभरात हात सुधारले.

एकाचे सोडून. तो लेथवरचा उंचापुरा कामगार मंगळवार पेठेतल्या एका तालमीत कुस्ती करायचा. गावच्या जत्रेतली कुस्ती त्याच्या डोक्यात बसली होती. पण वस्तादांनी त्याचे हात बघून गजकर्ण ठरवलं होतं आणि ते इतरांना लागेल म्हणून त्याला आखाड्यात यायला मनाई केली होती.

“खाजंचं काय न्हाय मॅडम,” तो म्हणाला. “पर वस्ताद दारातनंच माघारी धाडत्यात. पोरं वराडत्यात, आला बघ नायटेवाला.”

मी कातडी खरवडून तपासून घेतली. गजकर्ण बुरशीनं होतं, आणि इथे बुरशीचा पत्ता नव्हता. मालकांनी निकाल दिला, “बाकीच्यांचं बरं झालं न्हवं? मग ह्येचं घरातलंच काय तरी हाय.”

कामामुळे बिघडलेली कातडी सुट्टीला थोडी तरी सावरते. म्हणून मी त्याला सुट्टीबद्दल विचारलं.

“उलट सुट्टीलाच जास्त झोंबतंय.”

“काय करतोस त्या दिवशी?”

“काय न्हाय. हात धुतो, आंघोळ करतो, तालमीच्या दारापतूर जाऊन येतो.”

“हात कशानं धुतोस?”

तो माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघू लागला. “डिझेलनं की. तुम्ही डबा काढून टाकला, मी घरला नेला. रोज एकदा, सुट्टीला दोनदा, काथ्याच्या ब्रशानं. काळ्या हातानं मातीत जायचं व्हय? माती म्हंजे देव हाय.”

मालकांचं म्हणणं खरं निघालं. ते मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.

डिझेल सुटल्यावर भेगा भरू लागल्या, पण वस्ताद ऐकेनात. शेवटी मीच त्याला घेऊन तालमीत गेले. बायकांना आत जाता येत नाही, म्हणून उंबऱ्याबाहेर थांबले. वस्ताद मातीनं माखलेले बाहेर आले.

“चिठ्ठी आणली असंल तर ऱ्हाऊ दे. डॉक्टर लोक मागंल ती चिठ्ठी देत्यात.”

“खरं आहे,” मी म्हणाले. “म्हणून आणलीच नाही. पण ह्याचे हात मी दर बुधवारी मोजे न घालता धरते. आता माझे बघा.”

त्यांनी चष्मा मागवला. माझे तळहात उलटसुलट बघितले, मग त्याचे. “मग ही भेग कसली?”

“ती लागणारी नाही. पण बुजेपर्यंत त्यात माती जाता कामा नये. अजून पंधरा दिवस.”

“मॅडम!” तो कळवळला. “त्याच्या आत जत्रा हाय की!”

“असू दे. उघड्या भेगेत माती गेली तर हात पिकेल, मग पुढचीही जत्रा जाईल.”

वस्ताद हसले. “माझ्यापरास खाष्ट वस्ताद भेटली रं तुला. चल, आत ये. जोर न्हाईत, नुसत्या बैठका. हात मातीला लावलास तर तंगडं मोडीन.”

त्यानं पायताण काढलं आणि शरण आल्यासारखे दोन्ही हात वर धरून आत गेला. आतली पोरं खिदळली. त्याचं तिकडं लक्षच नव्हतं. तो बैठका मोजत होता.