मुंबईचा मुका खेळ

आमचा चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या हिवाळ्यात माझे बाबा पहिल्यांदा मुंबईला गेले. धानोऱ्याच्या बाजारात ते भेटेल त्याला सांगत होते, "आता आपलीच राजधानी होय. जाऊन पाहाले पाह्यजे, बराबर चालून राह्यली का नाई त." मुंबई आपल्या पाहणीसाठी खोळंबली आहे, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

बाबा गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार. मालगुजारी सरकारनं काही वर्षांपूर्वी काढून घेतली होती, पण ही गोष्ट गावानं फारशी मनावर घेतली नव्हती आणि बाबांनी तर मुळीच नाही. धान कापून झाले की गावात नाटक व्हायचं, ते बाबांच्या अंगणात. पडदे बाबांचे, पेट्रोमॅक्सच्या बत्त्या बाबांच्या, त्यामुळे राजाचं काम बाबांचं. नाटकात राजा नसला तर तो घालावा लागे. एका वर्षी हुंड्यावरचं नाटक बसवलं होतं. त्यातही तिसऱ्या अंकात एक राजा आला, मुलीच्या बापाला उपदेश करून गेला, आणि लोकांना तो भाग सगळ्यात आवडला.

मी तेव्हा चांद्याहून मॅट्रिक होऊन घरी बसले होते. बाबांच्या सोबत जायला कोणी तरी हवं होतं आणि आईला आगगाडीची भीती वाटायची, म्हणून माझी वर्णी लागली. वैनगंगा डोंग्यातून ओलांडून, बस आणि दोन आगगाड्या बदलून आम्ही माझ्या थोरल्या बहिणीकडे पोचलो. भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, एका सरकारी कचेरीत होते. मूळचे आमच्याच बाजूचे, पण मुंबईत चार वर्षं काढल्यावर त्यांना 'काऊन' म्हणजे 'का', हेही आठवेनासं झालं होतं. बाबा बोलले की ते बहिणीकडे पाहत, आणि ती बिचारी मराठीचं मराठी करून सांगे.

आम्ही पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊजी हर्षानं फुलून घरी आले. परदेशातली एक बॅलेमंडळी आली होती. गोऱ्या साहेबांनी ऑपेरासाठी बांधलेल्या जुन्या थिएटरात तिचा खेळ होता, आणि भाऊजींच्या साहेबांनी आपल्याकडचे जादा पास त्यांना दिले होते.

"बॅले म्हंजे काय जी?" बाबांनी विचारलं.

"नृत्यनाट्य, मामाजी. उच्च दर्जाची कला असते."

"कोनतं नाटक?"

भाऊजींनी ते साहेबांकडून समजून घेतलं होतं. एक राजकन्या असते, तिचं एका घड्याळजीवर प्रेम बसतं, राजा घड्याळजीला हाकलून देतो.

"राजा हाये ना?" एवढं विचारून बाबा समाधान पावले.

मग संध्याकाळपर्यंत भाऊजींनी आमची शिकवणी घेतली. तंबाखू न्यायची नाही. बोलायचं नाही. दुसरे टाळ्या वाजवतील तेव्हाच वाजवायच्या, आणि त्यांनी थांबवल्या की थांबायचं.

"खोकला आला त?"

"गिळायचा, मामाजी."

"अन् हासू आलं त?"

"येत नाही, मामाजी. बॅले आहे."

बाबांनी पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट, केशरी फेटा आणि खांद्यावर जरीकाठी नागपुरी शेला असा वेष केला. भाऊजींनी फेट्याकडे पाहिलं आणि पास खिशात नीट ठेवले.

थिएटर खरोखर पाहण्यासारखं होतं. छताला झुंबर, खांबांवर सोनेरी वेलबुट्टी आणि कोपऱ्याकोपऱ्यांत चुन्याची गुबगुबीत नागडी पोरं. "एवढं सोनं लावलं, अन् पोरांले आंगडं नाई शिवलं," बाबा म्हणाले. ते जरा मोठ्यानंच म्हणाले. भिंतीला उंचावर छोटे सज्जे होते.

"थ्या मचानी कोनाच्या होत?"

"पूर्वी तिथे राजेमहाराजे बसत," भाऊजी कुजबुजले.

"मंग आपन इथी काऊन बसून राह्यलो?"

भाऊजींनी रुमालानं कपाळ टिपलं. पुढच्याच रांगेत त्यांचे साहेब बसले होते.

पडदा वर गेला. मागे सगळं निळं होतं. बायका आल्या, पुरुष आले, पायाच्या अंगठ्यांवर उभे राहून धावले, गिरक्या घेतल्या आणि निघून गेले. कोणी बोललं नाही. बाबांनी बराच वेळ वाट पाहिली. मग माझ्याकडे झुकून त्यांनी विचारलं, "सुरू कवा होते?"

"सुरू झालं बाबा."

"मंग बोलून काऊन नाई राह्यले? पाठांतर झालं नाई का?"

भाऊजी पलीकडून अंधारात समजावू लागले. ते निळं म्हणजे राजवाड्यातली बाग. तो उंच माणूस राजा. बाबांना ते पटेना. "बाग? थे पानी होय, जवाईबापू. थो कोळी होय, नाव बुडाली त्याची. अन् थे बाई त्याची बायको. दर्याले नवरा मांगून राह्यली." भाऊजी म्हणाले, साहेबांनी स्वतः सांगितलं आहे. बाबा म्हणाले, साहेबाले चश्मा लागला असन. दोघांचं कुजबुजत भांडण जुंपलं. माझी बहीण मात्र शांत होती. एवढ्या बारीक कापडाला एवढ्या चुण्या कशा घातल्या असतील, यातच ती गुंतली होती. मला तर ती बाई आजारी वाटत होती आणि बाकीचे तिला दवाखान्यात न्यायला आलेले.

मग बाबा रंगमंचाकडे वळले. ती बाई एकटीच राहिली होती. वाद्यं हळू झाली होती, ती हात पुढे करून मागे मागे सरकत होती, आणि शेवटी ती जमिनीवर अशी पडली की पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे वाहत होते. टाळ्या वाजवाव्या की नाही हे दुसऱ्याकडे पाहून ठरवायचं, असा सगळ्यांचाच बेत होता, त्यामुळे सगळे सगळ्यांकडे पाहत होते.

बाबा उभे राहिले आणि राजाच्या आवाजात गरजले, "वन्समोर!"

भाऊजींनी त्यांचा कोट धरला. कोट हातातून सुटला. आमच्याकडे काम आवडलं की उठायचं, रंगमंचापाशी जायचं आणि बक्षीस द्यायचं, नाटक तेवढा वेळ थांबतं. बाबांनी तेच केलं. खुर्च्यांमधल्या वाटेनं ते सरळ चालत गेले. दारावरचा माणूस अडवायला धावला होता, पण फेटा पाहून त्यानं सलाम केला. बाजूच्या पायऱ्या चढून बाबा वर पोचले, तेव्हा ती बाई नुकतीच उठत होती. त्यांनी खांद्यावरचा शेला काढून तिच्या अंगावर पांघरला आणि प्रेक्षकांकडे वळून म्हणाले, "ह्या बाईनं लय साजरं काम केलं. तिच्या कामावर खूश होऊन चांदा जिल्ह्याकडून हा शेला!"

ती बाई गुडघ्यापर्यंत वाकली. मग मात्र थिएटर टाळ्यांनी दणाणलं. हे कार्यक्रमातच होतं असं सगळ्यांनी धरलं होतं. फक्त अगदी पुढे हार मांडीवर घेऊन बसलेल्या एका पाहुण्यांचा चेहरा पडला. मंडळीचा सत्कार त्यांच्या हस्ते शेवटी व्हायचा होता.

साहेब वळले. "हे कोण?"

नोकरी आणि सासरा यांच्यामध्ये एखादी वाट असेल तर ती शोधत भाऊजी म्हणाले, "आमच्या... आमच्या चांद्याकडचे राजेसाहेब आहेत, सर."

"तरीच!" साहेब म्हणाले. "कलेची जाण रक्तातच लागते."

खेळ संपल्यावर साहेबांनी बाबांची मंडळीच्या चालकाशी ओळख करून दिली. चालकाचं बोलणं साहेबच मराठीत सांगत होते. बाबांनी विचारलं, कोळी शेवटी परत आला का? भाऊजींनी विचारलं, राजा कोणता होता? चालक गोंधळला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ह्या नाचात गोष्ट अशी नव्हतीच. तो निळ्या रंगाबद्दल होता.

"अर्थात," साहेब म्हणाले. घड्याळजीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

घरी आल्यावर बाबा जेवले नाहीत. पाटावर बसून ते एवढंच म्हणाले, "एक शब्द नाई बोलली थे. अन् आमी बोंबलून बोंबलून मरतो." त्यांच्या मनात काय शिजतंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

माघात आमच्या गावी शंकरपट असतो. दिवसभर बैलांच्या जोड्या पळतात आणि अंधार पडला की नाटक. बाबांनी परत आल्या आल्या नटांना गोळा केलं आणि सांगितलं, यंदा कोणी बोलायचं नाही. नटांना वाटलं, मालगुजारांना मुंबईचं पाणी बाधलं. तरीही तालमी झाल्या. रानात अनवाणी फिरून तळवे दगड झालेले बाप्ये अंगठ्यावर उभे राहायला शिकताना एकेक करून आडवे होत. त्यात भाऊजींचा निरोप आला की साहेब स्वतः येत आहेत. त्यांना राजेसाहेबांच्या मुलखातली कला पाहायची होती, आणि जमल्यास वाघ.

साहेब आले, सोबत भाऊजी. गावात ते बाबांना राजेसाहेब म्हणू लागले, तेव्हा भाऊजींचा जीव खालीवर होऊ लागला. पण कोणालाच नवल वाटलं नाही. बाबा इतकी वर्षं राजाच होत होते.

नाटक गेल्या वर्षीचंच होतं, फक्त मुकं. पहिला प्रवेश सुरू झाला. सेनापती आला, त्यानं हात हलवले. लोकांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग मागून एकानं सेनापतीचं वाक्य म्हटलं. त्याला वाटलं, गडी विसरला. सगळ्या गावाला नाटक तोंडपाठ होतं. बायकांच्या बाजूनं राणीची उत्तरं येऊ लागली. एक वाक्य आधी येतं की नंतर, यावर दोन म्हाताऱ्यांचं बिनसलं आणि "थे मंग हाये, थे मंग!" असा गलका झाला. खलनायकाचं वाक्य कोणी तरी चुकीचं म्हटलं. ते त्याच्यानं सहन झालं नाही. त्यानं रंगमंचावरूनच ते दुरुस्त केलं, आणि तिथून सगळेच बोलायला लागले.

बाबा तेवढे टिकून होते. मुकुट घालून सिंहासनावर बसले होते, तोंड घट्ट मिटून. चेहरा लाल झाला होता. शेवटी पुढे बसलेली एक म्हातारी कळवळून म्हणाली, "मालगुजार, बोला ना जी! दाढ दुखते का?"

बाबांनी तोंड उघडलं. महिनाभर साठलेलं सगळं बाहेर आलं. गेल्या वर्षीचं भाषण झालं, त्याच्या आदल्या वर्षीचं झालं, हुंड्याचा उपदेशसुद्धा झाला, आणि लोकांनी तीनदा वन्समोर दिला. चौथ्यांदा साहेबांनी दिला.

दुसऱ्या दिवशी वाघ न दिसलेले साहेब बैलांच्या दमणीत बसता बसता बाबांना म्हणाले, "आधी मौन, मग प्रेक्षकांचा सहभाग, मग शब्दांचा स्फोट! राजेसाहेब, असा प्रयोग मी आपल्या देशात पाहिला नव्हता. ही कल्पना परदेशातून घेतलीत का?"

"नाई जी," बाबा गंभीरपणे म्हणाले, "मुंबईहून."

साहेब खूप हसले. त्यांना तो विनोद वाटला. बैल निघाले आणि बाबा नटांना बोलवायला गेले. पुढच्या वर्षासाठी पडदे धुवायचे होते.