बाबांनी सांधलेली कवळी

माझ्या वडिलांची खालची कवळी मोरीत पडून तिचे दोन तुकडे झाले, तेव्हा ते दातांच्या डॉक्टरकडे गेले नाहीत. ते कारखान्यात गेले. पेणमध्ये कारखाना म्हटलं की तो गणपतीचा. बाबांनी तिथे उभा जन्म साचे केले, आणि वय झाल्यावरही ते रोज सकाळी जाऊन बसत, कारण मूर्तीचा हात तुटला, कान उडाला, उंदराची शेपटी गेली, तर ती सांधायला त्यांच्याइतका साफ हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. रंग चढल्यावर सांधा कुठे आहे ते मालकालाही सांगता येत नसे. असा माणूस कवळी जोडायचे पैसे दुसऱ्याला कशाला देईल? दोन नळ्यांतला चिकटवायचा मसाला एकत्र कालवला, तुकडे जुळवले, सुकल्यावर पॉलिशपेपर मारला आणि संध्याकाळी कवळी तोंडात घालून घरी आले.

हे मला कळलं तीन महिन्यांनी.

मी रोह्याला असते. धाटावच्या कंपन्यांत शिफ्टला जाणाऱ्यांचे डबे करते, त्यामुळे पेणला जाणं सणासुदीलाच. मोबाइल तेव्हा नुकते घरोघर आले होते. एक दिवस भावजयीचा फोन आला. "ताई, बाबा नीट जेवत नाहीत हो. भात कालवून नुसता गिळतात. विचारलं तर म्हणतात, भूक नाय." भूक नाही, हे बाबांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारचे डबे गेले आणि मी एसटीत बसले.

बाबा ओटीवर पेपर वाचत होते.

"काय गो, मधेच?"

"तोंड उघडा."

"आल्या आल्या? पाणी तरी पी."

"कवळी काढा आणि तोंड उघडा."

खालच्या हिरडीवर, पुढे आतल्या अंगाला, करंगळीच्या नखाएवढी जखम होती. कडा पांढरट, मध्ये लाल. किती दिवस, विचारलं तर म्हणाले, "झाले असतील दोनेक महिने. नवीन चप्पल नाय चावत? होते सवय."

"चप्पल पायात असते, बाबा. ज्यांनी कवळी केली त्या डॉक्टरांकडे का नाही गेलात?"

"त्याला काय तोंड दाखवू? पयला विचारेल, ही कुणी जोडली."

मग सगळी हकिकत बाहेर आली. भावजय दारात उभी राहून ऐकत होती. तिलाही यातलं काही माहीत नव्हतं.

बाबांनी तीस वर्षं तंबाखू खाल्ली होती. सोडली होती, पण खाल्ली होती. कारखान्यातल्या एका रंगाऱ्याच्या तोंडात अशीच न भरणारी जखम झाली आणि तो वर्षभरात गेला, हे बाबांना माहीत होतं आणि मलाही. रोगाचं नाव आमच्यापैकी कुणी घेतलं नाही. बाबा एवढंच म्हणाले, "गणपती होऊ दे, मग बघू." गणपतीला दोन महिने होते. मी त्यांची पिशवी भरली आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं त्यांना रोह्याला घेऊन आले.

आमच्याकडच्या दातांच्या डॉक्टर वयानं लहान, बोलायला मोजक्या. त्यांनी आधी जखम पाहिली, तंबाखूचं विचारलं, मग कवळी हातात घेऊन उलटसुलट केली आणि आतून अंगठा फिरवला.

"आजोबा, ही कुणी जोडली?"

बाबा छताकडे बघत राहिले. मी सांगितलं.

"बाहेरून सांधा ओळखूही येत नाही," त्या म्हणाल्या. "पण आतून कंगोरा राहिलाय. आतून का नाही घासली?"

"आतून?" बाबांना प्रश्नच कळला नाही. "आतून कोण बघतो?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मूर्ती आतून पोकळ असते. आतून ती खडबडीत असली, काथ्या दिसत असला, तरी कुणाचं काही बिघडत नाही. जन्मभर बाबांनी दिसणारी बाजू गुळगुळीत केली होती, तशीच कवळीचीही केली. हिरडीवर बसणारी बाजू त्यांच्या हिशेबी आतली होती.

डॉक्टरांनी मला साध्या शब्दांत सांगितलं. जखम कंगोऱ्यामुळेच झाली असेल तर कवळी काढून ठेवल्यावर दोन आठवड्यांत भरेल. नाही भरली, तर तुकडा काढून तपासायला मुंबईला पाठवायचा. तोवर कवळी तोंडात घालायची नाही.

मी नव्या कवळीचा खर्च विचारला. त्या म्हणाल्या, नवी कशाला? हीच पनवेलच्या लॅबमधून नीट जोडून आणू. खर्च ऐकून मी बाबांकडे पाहिलं. तेवढ्या पैशांत आमच्या बाजारात एक बरी चादर येते. तुटली त्या दिवशी कुठल्याही दवाखान्यात नेली असती तरी एवढ्यातच झालं असतं. फक्त विचारायला हवं होतं. तेव्हापासून मी विचारते. दात काढायचा की भरायचा, आज की पुढच्या महिन्यात, याहून स्वस्तात काही होतं का, असं सगळं तोंडावर विचारते. डॉक्टर रागावत नाहीत. वेळेत दाखवलं की बहुतेक वेळा स्वस्तातलंच काम निघतं.

नव्यानं जोडायची तर आधी बाबांचा सांधा सोडवायला हवा होता, पण तो निघेना. डॉक्टरांनी जोर लावला, मग कंपाउंडरनं लावला. शेवटी बारीक करवतीनं कापावा लागला. "निघायचा नाय तो," बाबा बोळक्या तोंडानं म्हणाले. एवढ्यातही त्यांना त्याचं कौतुक होतं.

पंधरा दिवस ते माझ्याकडेच राहिले. शिफ्टवाल्यांच्या डब्यांत तळलेले बोंबील भरायचे आणि बाबांच्या पुढे पेज ठेवायची, असं चाललं होतं. ते बोंबलांच्या परातीकडे पाठ करून बसत. दिवसातून तीनदा मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. एक दिवसाआड मी बॅटरी घेऊन बघत असे.

"कमी दिसतंय का गो?"

"दिसतंय."

खरं तर मला काही कळत नव्हतं. एकदा लहान वाटे, एकदा तेवढीच. मुंबईला जायची वेळ आली तर डबे कोण करील, हे मी शेजारणीशी बोलून ठेवलं होतं. बाबांना त्यातलं काही सांगितलं नाही.

पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी दिवा तोंडावर घेतला, आरशानं जीभ मागे सारली आणि हिरडी बोटानं दाबून पाहिली. बराच वेळ पाहिली. मग मला जवळ बोलावलं.

"बघा. भरली."

जखमेच्या जागी गुलाबी, गुळगुळीत कातडी होती.

"म्हणजे तो तुकडा..."

"कशाचा काढू? जखमच नाहीये."

मी भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसले. उभ्यानं ऐकायला हरकत नव्हती, पण बसले.

जोडून आलेली कवळी त्यांनी आतून पांढरी पेस्ट लावून बसवली, काढली, आणि जिथली पेस्ट पुसली गेली होती, म्हणजे हिरडीला दाब बसत होता, तिथे बारीक चाकानं घासली. असं तीन वेळा केलं. बाबा मान वाकडी करून डॉक्टरांचा हात न्याहाळत होते. "हात बरा हाय," ते मला म्हणाले. त्यांच्याकडून ही मोठीच शाबासकी.

बाहेर पडलो, रिक्षात बसलो, आणि मी सुरुवात केली. दोन महिने तोंडात जखम ठेवून माणूस गप्प बसतो? सून रोज ताट वाढून देते, तिला सांगता येत नाही? तुमची कारागिरी मूर्तींवर दाखवा, स्वतःच्या हिरडीवर कशाला? रिक्षावाला आरशातून बघायला लागला, तरी मी थांबले नाही.

बाबा ऐकत होते. थोड्या वेळानं सैल होऊन मागे टेकून बसले.

"आता बरं वाटलं," ते म्हणाले.

"काय बरं वाटलं?"

"पंधरा दिस एक शब्द वाकडा बोलली नायस. बाबा पेज घ्या, बाबा पडा जरा. मला वाटलं, डॉक्टरीण तुला कायतरी बोललीय आनि तू लपवतेस."

घर यायला दोन वळणं बाकी होती, तेवढ्यात आणखी जे सुचलं ते सगळं बोलून घेतलं.