पंकजाच्या नऊ आरत्या

कुंभकोणमच्या एका कॉलेजात नागलक्ष्मी वीस वर्षं संख्याशास्त्र शिकवते, आणि तितकीच वर्षं आपल्या धाकट्या जावेवर, पंकजावर, जळते. जळण्यासारखं पंकजाकडे आहे तरी काय? दहावीपर्यंतचं शिक्षण, नवऱ्याबरोबर चालवलेलं पितळी भांड्यांचं दुकान आणि गोड गळा. त्या गळ्यानंच नागलक्ष्मीच्या पोटात दुखतं.

गल्लीतल्या विठोबाच्या मठात दर एकादशीला संध्याकाळी भजन होतं. आठ मराठी घरांची ही मंडळी. शेवटी अप्पारावमामा तांब्यात चिठ्ठ्या टाकून एक उचलतात. जिचं नाव निघेल तिनं आरती म्हणायची. गेल्या वर्षीच्या चोवीस आरत्यांपैकी नऊ पंकजाच्या आणि एकच आपली, हे मामांच्या वहीत दिसलं आणि नागलक्ष्मीचा नुसता जळफळाट झाला.

घरी येऊन तिनं गणित मांडलं. आठ घरं, म्हणजे दर वेळी आठात एक संधी. प्रत्येकीच्या वाट्याला तीन आरत्या. द्विपद वितरणानं सांगितलं, निव्वळ नशिबानं एकीला नऊ किंवा जास्त मिळणं हजारात दोनदाही घडायचं नाही. मग काय-स्क्वेअर चाचणी. उत्तर १४.६७, नशिबाची मर्यादा १४.०७. ओलांडली! अपेक्षित संख्या पाचाच्या खाली असली की ही चाचणी लंगडी पडते, असं बाई दरसाल पोरांना बजावतात. त्या दिवशी मात्र सोयीस्कर विसरल्या. चोर सापडल्याचा आनंद काही औरच, त्यातून चोर जाऊ असली तर विचारूच नका.

पुढच्या एकादशीला शिकवणी बुडवून ती मठात गेली आणि कागद मामांपुढे धरला.

"मामा, चिठ्ठ्यांत लबाडी आहे. पंकजास नऊ वेळां येणं शक्यच नाही."

झांजा पुसणाऱ्या पंकजाचे हात थांबले.

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आठ घरं कुठलीं गे? जी आली तिचीच चिठ्ठी घालतों. तूं वर्षांत तीनदां आलीस, सणास. तेव्हां अस्के होते, आठही घरं. बाकी दिवशीं दोन-तीनच घरं. पंकजा मात्र चोवीसही दिवस होती."

नागलक्ष्मीच्या डोक्यात आकडे आपोआप फिरले. तीन दिवस आठात एक, उरलेले एकवीस दिवस दोघी-तिघींत एक: पंकजाच्या वाट्याला नऊच्या आसपासच येत होत्या. आणि स्वतःच्या? अर्धीसुद्धा नाही, मिळाली होती अख्खी एक. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ते असं अंगाशी आलं.

त्या संध्याकाळी तांब्यात दोनच चिठ्ठ्या पडल्या. मामांनी उचलली ती पंकजाची.

"अक्का, तुम्हींच म्हणा," पंकजा म्हणाली. "किती दिवसांनीं आलां."

नागलक्ष्मीनं आरती धरली. पहिलं कडवं निभावलं, दुसऱ्याला शब्दच आठवेना. पंकजानं शेजारून हळूच पुढची ओळ दिली. वीस वर्षांत नागलक्ष्मीला तिचा इतका हेवा कधी वाटला नव्हता.