अपेंडिसचा व्रण
तडकलेल्या डाळिंबांचा आंबूस वास आला की मला ती सकाळ आठवते, कारण बागेत माल निवडतानाच ह्यांना रक्ताची मोठी उलटी झाली. आदल्या आठवड्यात उलटीतून थोडं रक्त पडलं होतं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "उष्णता हाय, सब्जा दे." संगमनेरच्या दवाखान्यात नेईपर्यंत ह्यांची शुद्ध गेली. डॉक्टरीणबाईंनी सदरा वर करून पोटावरचा उभा व्रण पाहिला. मी म्हणाले, "अपेंडिसचा हाय." लग्नात मला तसंच सांगितलं होतं. "अपेंडिक्सचा व्रण एवढा लांब नसतो, ताई. खरं सांगा, तरच इलाज होईल." तेव्हा सासूबाई पदराआडून बोलल्या, "ट्रॅक्टर उलाटला हुता. पोटातली रगताची मोठी नळी फाटली, तितं पिलॅस्टिकची बसवलीय. सांगितलं असतं तर पोरगी कुनी दिली असती?" ती नळी आतड्याला चिकटून तिथूनच रक्त येत असणार, हे ओळखून डॉक्टरीणबाईंनी लगेच नाशिकला पाठवलं. ऑपरेशन होऊन हे वाचले. हे शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, "तुमी तरी सांगायचं." हे म्हणाले, "आई नको म्हनली." आता हे गोळी घेतली म्हणाले, तरी मी गोळ्यांचं पाकीट उघडून बघते.