हार नसलेली तसबीर

तुम्ही दोघांनी पाँडेचरीहून पाठवलेलं कार्ड पोचलं. पिवळ्या भिंती, पांढऱ्या चौकटी आणि भिंतीवरून ओसंडणारी गुलाबी बोगनवेल. मागे धाकटीनं लिहिलंय, "आजी, असं गाव तू कधी पाहिलंयस का?" पाहिलंय. फ्रेंचांचं राज्य होतं तेव्हा, आणि तुमचे बाबा जन्मलेही नव्हते. उत्तर कार्डावर मावणार नाही, म्हणून क्रमानं लिहिते.

साल चौतीस असेल, फार तर पस्तीस. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. मामंजी, म्हणजे माझे सासरे, नाशिकला वकिली करत. त्यांनी रामेश्वराची यात्रा बोलली होती. आम्ही नाशिककर गोदावरीलाच गंगा म्हणतो. तिचं पाणी तांब्याच्या गडूत भरून, तोंड लाखेनं बंद करून घेतलं आणि नाशिकरोडला गाडीत बसलो. मामंजी, सासूबाई, मी आणि वन्सं. तुमच्या आजोबांना रजा मिळाली नाही.

वन्सं म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. अठराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतलेली, तेव्हा बाविशीत होती. वाण्याच्या पुड्यांच्या कागदावरसुद्धा चित्र काढायची. नाशिकच्या मुलींच्या एका शाळेत ड्रॉइंगच्या शिक्षिकेची जागा होणार होती. त्यासाठी मुंबईला राहून दोन वर्षांचं शिक्षण घ्यायला हवं होतं. प्रवेशाचा फॉर्म वन्संच्या ट्रंकेत तळाशी होता. मामंजी म्हणत, "तुझी आई हो म्हणाली तर मी आत्ता सही करतो." सासूबाई म्हणत, "नवरा गेलेल्या पोरीनं परगावी एकटं राहायचं? चार लोकांत तोंड कसं दाखवू मी?" यात्रेहून परतेपर्यंत फॉर्मची मुदत संपत आली असती. वन्सं त्याबद्दल एक अक्षर काढत नव्हती, पण ट्रंक मात्र कोणाला उचलू देत नव्हती.

वाटेत पाँडेचरीला मामंजींचे कॉलेजातले एक स्नेही होते, तमिळ वकील. त्यांच्याकडे दोन दिवस राहायचं ठरलं. हद्दीच्या स्टेशनावर जकातीच्या शिपायांनी आमचं सामान उघडलं. लाखेनं बंद केलेला गडू पाहून एकानं हात पुढे केला, तर सासूबाई मराठीतच कडाडल्या, "खबरदार! गंगा आहे ती!" भाषा कळली नसेल, पण हात मागे गेला.

गावाच्या मधून कालवा होता. अलीकडे तमिळ लोकांची घरं, पलीकडे गोऱ्यांची. वकिलांचं घर अलीकडे होतं. रस्त्याला लागून लाकडी खांबांचा ऐसपैस ओटा, वाटसरूनं बसावं म्हणूनच बांधलेला. आत सोन्याचा वर्ख लावलेली देवांची चित्रं होती. सासूबाईंनी एकेका चित्रापुढे उभं राहून हात जोडले आणि गुबगुबीत बाळकृष्णाला म्हणाल्या, "लोणी परवडतंय वाटतं इथं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वकील आम्हांला कालव्यापलीकडे घेऊन गेले. तिथले रस्ते फूटपट्टीनं आखल्यासारखे होते. उंच भिंतींमुळे आतलं घर दिसायचंच नाही. आमच्या नाशिकची घरं सगळं कोरीवकाम रस्त्याकडे करून दाखवतात. ही घरं तोंड फिरवून बसलेली होती. मला ते आधी शिष्टपणाचं वाटलं. दार उघडून आत गेलो, तेव्हा कळलं की त्यांचा सगळा देखणेपणा अंगणाच्या बाजूला आहे.

जुनी चित्रं पाहायची म्हणून वकिलांनी आम्हांला एका फ्रेंच बाईंच्या घरी नेलं. घर त्यांच्या यजमानांच्या पणजोबांनी बांधलेलं. साठीच्या बाई, अंगात फुलाफुलांचा झगा, गळ्यात मोत्यांचा सर, बोटात अंगठी. त्यांना बेताचं इंग्रजी येत होतं, मला त्याहून थोडं बरं, म्हणून दुभाषी मी. मामंजी आणि वकील व्हरांड्यातच राजकारण बोलत बसले. आम्ही बायका आत गेलो. सासूबाई तिथलं पाणी पिणार नव्हत्या, हे बाईंना कोणीतरी सांगितलं असावं. त्यांनी शहाळी मागवली. शहाळ्याला विटाळ नसतो.

दिवाणखान्याच्या भिंती इतक्या गुळगुळीत होत्या की हात फिरवावासा वाटे. चुन्यात अंड्याचा पांढरा बलक घोटतात, असं बाई म्हणाल्या. ते मी सासूबाईंना सांगितलं नाही. चारी भिंतींवर तैलचित्रं, जहाजांची, बाजाराची, घरातल्या माणसांची. वन्सं चित्र कसं बघायची ते मला ठाऊक होतं. आधी नाक टेकेल इतकं जवळ, मग तीन पावलं मागे, एक डोळा मिटून. बाईंनी ते हेरलं.

"ही काढते," त्या मला म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलंच.

मी हो म्हटलं. मग त्यांनी समोरच्या मोठ्या तसबिरीकडे बोट केलं. मिशाळ, हसऱ्या डोळ्यांचे गृहस्थ. "हे माझे यजमान, लग्नाच्या चौथ्या वर्षी तापानं गेले. मग मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायला लागले, ती तीस वर्षं शिकवली. या भिंतीवरची अर्धी चित्रं माझीच आहेत," बाई म्हणाल्या.

सासूबाई तेव्हा झुंबर निरखत होत्या. वळल्या, तसबीर पाहिली, बाईंचे मोती पाहिले आणि पिशवी उघडली. पिशवीत मदुरेच्या देवीसाठी घेतलेलं ओटीचं सामान होतं. "सवाष्णीच्या घरून कोरडं कसं जायचं?" म्हणाल्या आणि कुंकवाचा करंडा हातात घेतला.

त्यांचं काय चुकलं ते तुम्हांला सांगायला हवं. आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या तसबिरीला हार चढतो. त्या घरात एकाही तसबिरीला हार नव्हता. सासूबाईंच्या हिशोबी ती सगळी माणसं जिवंत, कामाला बाहेर गेलेली.

त्यांनी बाईंच्या गोऱ्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. पदर नव्हता, म्हणून बाईंनी झग्याचा घोळ धरला. त्यात तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ आणि खण. बाई हरखून गेल्या होत्या. करंडा उघडताच वन्सं मात्र सवयीनं दाराशी जाऊन उभी राहिली होती. कोणाला सांगावं लागत नसे.

"त्या मुलीला का नाही?" बाईंनी विचारलं.

"काय म्हणते ती?" सासूबाई.

"वन्संना का नाही, विचारतायत."

"सांग, तिचा नवरा नाही म्हणून."

मी सांगितलं. बाई जरा गोंधळल्या आणि म्हणाल्या, "माझाही नाही. आत्ताच बोलले ना?"

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी मराठीत सांगितलं. सासूबाईंचा हात करंड्याच्या झाकणावर तसाच राहिला.

"मग याला हार कुठाय?" त्या तसबिरीकडे बघत म्हणाल्या, जवळजवळ भांडल्यासारख्या.

मी विचारलं. बाई म्हणाल्या, "हार कशाला? रोज सकाळी मी स्वतः पुसते."

मला वाटलं आता काहीतरी होणार. पण घातलेली ओटी परत घेत नाहीत आणि लावलेलं कुंकू लावणारीनं पुसायचं नसतं. सासूबाईंनी करंडा बंद केला, बाईंना नमस्कार केला आणि बाहेर आल्या. त्या दुपारी त्या जेवल्या नाहीत. डोकं दुखतंय म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी सुटल्यावर बऱ्याच वेळानं त्यांनी मला विचारलं, "तीस वर्षं एकटी राहिली म्हणतेस?"

"हो."

"आणि स्वयंपाक?"

"विचारलं नाही मी."

"मुख्य तेच विचारायचं सोडून आलीस!" मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मुंबईत राहायचं ते माझ्या बहिणीकडे. वसतिगृह बिलकुल नाही. आणि दर एकादशीला पत्र आलं पाहिजे."

मामंजींनी वर्तमानपत्र खाली केलं. वन्संनी ट्रंक उघडली ती इतकी घाईनं की लुगडी खाली पडली. सही चालत्या गाडीत झाली, त्यामुळे वेडीवाकडी आली. फॉर्म पुढच्या स्टेशनावरून टपालानं गेला.

वन्सं शिकून आली आणि नाशिकच्या त्या शाळेत लागली. सासूबाई तिच्या डब्याची काळजी शेवटपर्यंत करत होत्या. कुंकू मात्र त्यांनी तिला कधीच लावलं नाही, आमच्या हळदीकुंकवाला ती आतल्या खोलीतच बसे. त्या एका दिवसानं एवढंच झालं आणि तेवढंच झालं. जास्त झालं असं लिहिणं खोटं ठरेल.

आणखी एक खरं सांगायचं राहिलंय. बाईंनी यजमान गेल्याचं सांगितलं आणि सासूबाईंनी कुंकू लावलं, या दोन्हींच्या मध्ये मला बोलायला वेळ होता. "आई, थांबा," एवढंच म्हणायचं होतं. मी गप्प राहिले. सासूबाईंना असं फसवल्याचा सल मला पुष्कळ वर्षं होता. त्या गेल्यावर एकदा मी वन्संपाशी कबुली दिली.

ती मुलींच्या चित्रांना मार्क देत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "वहिनी, मी चौथी इंग्रजीपर्यंत शिकलेली आहे. मलाही सगळं कळलं होतं की. दाराशी उभी राहून मी देवाला म्हणत होते, हिला बोलायची बुद्धी देऊ नकोस."