लाल धुळीचे बूट

एकोणीसशे साठच्या सुमारास आखातात, बनेद अल-गारला तो आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. रत्नागिरीकडचा, एका अमेरिकन साहेबाचा खानसामा. साहेबाने सुट्टीत त्याला बरोबर अमेरिकेला नेलं आणि हा तिथलं लाल खडकांचं नॅशनल पार्क पायी फिरून आला. तेव्हापासून दर शुक्रवारी आमच्याकडे जेवताना तेच.

"कडा असा, भाऊ, की बघताना डोक्यावरची टोपी पडंल. आणि मावळतीला? आतून दिवा लावल्यागत!"

माझी बायको हातातला घास हातातच धरून ऐकायची. मी ऑफिसात टायपिस्ट. माझं कुणी असं कधी ऐकलं नव्हतं.

बूटही तेच घालून यायचा. शिवणीत बसलेली तिथली लाल धूळ त्याने कधी झटकली नाही. दाराशी बूट काढतानासुद्धा हलक्या हाताने ठेवायचा.

एका शुक्रवारी आम्ही गप्पा मारत असताना बायकोने कौतुकाने ते बूट पॉलिश करून ठेवले. निघताना त्याने पाहिलं, शिवणीवरून बोट फिरवलं.

"कशाला त्रास घेतलात, वहिनी?"

मला आतून गुदगुल्या झाल्या.

त्यानंतर त्याने त्या डोंगरांचं नाव काढलं नाही. परवा पाहुण्यांना मीच सांगत होतो, "मावळतीला कडा कसा दिसतो, तर आतून दिवा लावल्यासारखा!"

बायको खाली मान घालून जेवत राहिली.