पेटीच्या मागच्या फळीतलं भोक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि माझ्या पोटातलं सगळं आपल्याला कळतं, असा तिचा ठाम समज आहे. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही अभयला ओळखत नाही. धैर्य वगैरे काही नाही यात.

अभय सांगलीचा. मी इकडे अमेरिकेत, ट्रॉयला नोकरीवर आलो, तेव्हा पहिल्या हिवाळ्यात पंधरा दिवस ज्याच्या घरी राहिलो, तो. एअर रायफलचा नाद त्याला मीच लावला. हवेच्या दाबावर शिशाची छोटी गोळी उडवणारी बंदूक. व्हिसावर असताना खऱ्या बंदुकीच्या भानगडीत कोण पडेल? नोकरीत मी इंजिनं ट्यून करतो, त्यामुळे आमच्या चार-पाच जणांच्या रायफली माझ्याकडेच यायच्या. आतला दाब किती ठेवायचा, स्प्रिंग किती आवळायची, गोळी किती वेगानं सुटते — सगळं माझ्या वहीत. लोक गमतीनं मला 'गुरुजी' म्हणायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

तर अभयला जड गोळ्या वापरायच्या होत्या. हलकी गोळी वाऱ्यानं भरकटते, जड गोळी तग धरते, पण तिला मागून रेटा जास्त लागतो. मी त्याच्या रायफलचा दाब वाढवला, स्प्रिंग आवळली आणि नेमबाजीच्या रेंजवर जाऊन पाहिलं. पाच गोळ्या अशा लागल्या की वर रुपयाचं नाणं ठेवलं तर सगळी भोकं झाकली जावीत. आता रेंजवर निशाणाच्या मागे मातीचा चांगला उंच बांध असतो. अभयच्या घरामागे होती त्यानं स्वतः ठोकलेली लाकडी पेटी, जुन्या कपड्यांनी ठासून भरलेली. ती हलक्या गोळ्यांपुरती होती. मला हे माहीत नव्हतं का? होतं. ओठांवर आलं होतं का? तेही आलं होतं. पण मंजिरीवहिनी आतून मिसळीसाठी हाका मारत होत्या, आणि मला त्याआधी शाबासकी हवी होती.

"मार रे एक, फरक बघ," मी म्हणालो.

अभयनं उभ्यानं नेम धरला आणि एकच गोळी झाडली. कुंपणापलीकडून कॅरोल ओरडली.

कॅरोल त्याची शेजारीण, सत्तरीची, टोमॅटोच्या वाफ्यात वाकलेली होती. गोळी तिच्या दंडात घुसली होती. दोन फूट इकडे असती तर — हे वाक्य मी आजवर कधी पुरं केलेलं नाही. अभय आणि वहिनी तिकडे धावले. आणि मी? मी पेटीकडे गेलो. पेटीवर लावलेल्या निशाणाच्या कागदावरचं भोक जवळजवळ मधोमध होतं, इतका सुंदर नेम त्यानं आयुष्यात कधी धरला नसेल. मागच्या फळीत दुसरं भोक, ताजं, कुसळं बाहेर आलेलं. ती पेटी मी उचलून माझ्या गाडीच्या डिकीत टाकली.

का? ग्रीन कार्ड अगदी शेवटच्या टप्प्यात होतं. पोलीस येणार, रिपोर्ट होणार, 'हे कोणी ट्यून केलं' म्हणून विचारणार. प्रत्यक्षात पोलीस आला, चार ओळी लिहून गेला. कॅरोलनंच त्याला सांगितलं, "It was an accident, honey." कुणी मला काही विचारलं नाही. पेटीबद्दल अभयला मी म्हणालो, वहिनींना ती डोळ्यांसमोर नको असेल म्हणून टाकून दिली. त्यानं माझे आभार मानले.

तुम्हाला वाटेल, हाच माझा गुन्हा. नाही. इथवर मी नुसता भित्रा होतो.

अभयच्या वडिलांना पार्किन्सन्स होता. शेवटची सहा वर्षं त्यांना घास तोंडाशी नेता येत नव्हता, आणि अभय इथून व्हिडिओ कॉलवर ते बघायचा. अपघातानंतर चार दिवसांनी तो माझ्या घरी आला. खुर्चीत बसला, उजवा हात माझ्यासमोर लांब केला, बोटं पसरली.

"गोळी पेटीच्या साइडनं गेली ना रे? इतका मिस मी कधी करत नाही. बाबांचं पण असंच सुरू झालं होतं. खरं सांग यार, हात थरथरतोय का?"

मी बघितलं. बराच वेळ बघितलं. हात जरासुद्धा हलत नव्हता.

पण हात स्थिर म्हटलं, तर मग गोळी चुकली कशी, हा प्रश्न आलाच. आणि तो आला की पेटी आली, वही आली, मी आलो. एवढा सगळा हिशोब माझ्या डोक्यात एका क्षणात झाला.

"किंचित," मी म्हणालो.

त्याला सात वर्षं झाली. दोन न्यूरॉलॉजिस्ट झाले, दोघांनीही काही नाही म्हणून सांगितलं. अभयचा विश्वास बसत नाही, कारण डॉक्टरांनी काय दहा मिनिटं पाहिलं, मित्रानं मात्र नीट निरखून सांगितलं होतं. दरवर्षी मंडळाच्या गणपतीचं मखर तो एका अखंड कागदातून कोरायचा, ते बंद झालं. हायवेवर वहिनी गाडी चालवतात. माझं ग्रीन कार्ड केव्हाच आलं. भीतीला कारण उरलं नाही, तरी मी बोललो नाही.

परवा त्याच्याकडे गेलो होतो. त्यानं मला चहा दिला — कप अर्धाच भरलेला, आणि डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलेलं. सांडू नये म्हणून.

मी तो चहा प्यायलो आणि चांगला झालाय म्हणालो.